विद्यार्थी-संशोधनाच्या नैतिक परीक्षणाच्या फायली : नव्याने दप्तर सांभाळणाऱ्यांसाठी

नैतिकता समितीचे सदस्य-सचिवपद किंवा तिच्या दप्तराचे काम सहसा कोणी मागून घेत नाही. जून-जुलैत प्राचार्यांच्या सहीचा आदेश येतो आणि त्याबरोबर एक लोखंडी कपाट, काही बॉक्स फायली आणि आधीच्या सहकाऱ्याच्या खासगी ईमेलमध्ये अडकून पडलेला निम्मा पत्रव्यवहार हाती येतो. पदव्युत्तर प्रकल्प, लघुप्रबंध आणि पीएच.डी. यांसाठी विद्यार्थी माणसांचा सहभाग असलेले जे संशोधन करतात, त्याच्या परीक्षणाची कागदपत्रे कशी लावावीत, किती वर्षे ठेवावीत आणि शेवटी त्यांचे काय करावे, हे अशा नव्या व्यक्तीला क्रमाने सांगण्यासाठी हा लेख आहे. माझ्या पाहण्यात या कामातली सर्वांत मोठी अडचण एकच आहे, आणि ती म्हणजे बहुतेक फायली कधी रीतसर बंदच केलेल्या नसतात. तिचा विचार पुढे चौथ्या पायरीत सविस्तर केला आहे.

सुरुवात करण्यापूर्वी आपली संस्था कोणत्या विद्यापीठाच्या छत्राखाली येते हे पाहून त्या विद्यापीठाची परिपत्रके आणि आपल्या समितीची लेखी कार्यपद्धती मिळवावी. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या जिल्ह्यांतील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये प्रामुख्याने मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, वैद्यकीय आणि परिचर्या महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे पाहतात, तर दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि लोणेरे येथील तंत्रशास्त्र विद्यापीठ यांचा कारभार स्वतंत्र आहे. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी निराळी समिती आणि निराळे नियम असतात, त्यामुळे ते कागद या दप्तरात मिसळू नयेत.

पायरी १ : समितीचे कागद आणि संशोधनाचे कागद वेगळे करा

नवीन माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. समितीने काय पाहिले आणि काय ठरवले याचे कागद हे समितीचे अभिलेख होत. संशोधनात जमा झालेली माहिती, म्हणजे भरलेल्या प्रश्नावल्या, मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, क्षेत्रकार्याच्या वह्या आणि सहभागींच्या सह्या असलेली संमतीपत्रे, ही संशोधक आणि मार्गदर्शक यांच्या ताब्यात, विभागाच्या कुलपात राहायला हवीत.

समजा, समाजशास्त्राची एक विद्यार्थिनी हर्णै बंदरात ट्रॉलरवर काम करणाऱ्या खलाशांच्या कर्जबाजारीपणावर लघुप्रबंध लिहीत आहे. तिच्या समिती-फायलीत कोऱ्या संमतीपत्राचा मंजूर झालेला मसुदा असायला हवा. एकाही खलाशाची सही किंवा अंगठा तिथे नको. मात्र अतिउत्साही विद्यार्थी अंतिम अहवालाबरोबर सर्व सही केलेली संमतीपत्रे पुरावा म्हणून जोडतात, आणि कार्यालयही ती आवक शिक्का मारून निमूटपणे फायलीला लावते. कर्जाविषयी बोललेल्या माणसांची नावे आणि गावे अशा रीतीने समितीच्या कपाटात जाऊन बसतात, जिथे चार-पाच जणांचा हात सहज पोहोचतो. असे कागद आले तर ते पोचपावती घेऊन मार्गदर्शकांकडे परत करावेत आणि परत केल्याची नोंद फायलीत ठेवावी.

कोकणात ही काळजी जास्त घ्यावी लागते, कारण इथली गावे लहान आहेत आणि वाडी-वाडीतली माणसे एकमेकांना ओळखतात. नाव खोडले तरी ‘अमुक वाडीतील दोन पर्ससीन बोटींचे मालक’ एवढ्या वर्णनावरून माणूस कोण हे कोणीही सांगेल. अर्जातील नमुनानिवडीचा भाग किंवा परवानगीची पत्रे यांतून अशी ओळख उघड होत असेल, तर त्या फायलीवर ‘गोपनीय’ असा शेरा मारून ती वेगळ्या कप्प्यात ठेवावी.

पायरी २ : नोंदवही आणि क्रमांक

अर्ज आला त्याच दिवशी त्याला क्रमांक द्यावा. मंजुरीपर्यंत थांबू नये. नाकारलेले, परत घेतलेले आणि परीक्षणातून सूट मिळालेले अर्जही त्याच एका मालिकेत यावेत, म्हणजे पुढे कोणी विचारले तर मधला क्रमांक का नाही याचे स्पष्टीकरण देत बसावे लागत नाही. ‘२०२५-२६/समाज/०१४’ असा शैक्षणिक वर्ष, विभाग आणि अनुक्रम सांगणारा साधा क्रमांक पुरतो. विद्यार्थ्याचे नाव क्रमांकात किंवा फायलीच्या पाठीवर घालू नये.

नोंदवहीत आवक दिनांक, शीर्षक, मार्गदर्शक, परीक्षणाचा प्रकार (सूट, जलद किंवा पूर्ण समितीपुढचे), निर्णय व त्याचा दिनांक, बंद केल्याचा दिनांक, ठेवण्याची मुदत संपण्याचा दिनांक आणि विल्हेवाटीचा शेरा एवढे रकाने असावेत. ही नोंदवही कायमची ठेवायची आहे. प्रबंधात मंजुरीचा क्रमांक छापलेला असतो, आणि पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन प्रबंध-भांडारात जाऊन कायमचे उपलब्ध राहतात. पंधरा वर्षांनी एखाद्या नियतकालिकाने तो क्रमांक खरा आहे का असे विचारले, तर फाईल नष्ट झालेली असली तरी नोंदवहीवरून उत्तर देता आले पाहिजे.

पायरी ३ : एका फायलीत काय लावावे

फायलीचे दोन भाग करावेत. डाव्या बाजूला टिपणी, म्हणजे कार्यालयाने आणि सदस्य-सचिवांनी टप्प्याटप्प्याने लिहिलेले शेरे, आणि उजव्या बाजूला पत्रव्यवहार, पृष्ठांकन करून. पत्रव्यवहारात विद्यार्थ्याचा अर्ज, मार्गदर्शकाच्या सहीचा संशोधन आराखडा, सहभागींसाठीचे माहितीपत्रक, कोरे संमतीपत्र, प्रश्नावली किंवा मुलाखतीची रूपरेषा, स्थानिक परवानग्या, परीक्षकांचे अभिप्राय, विद्यार्थ्याने केलेल्या दुरुस्त्या, निर्णयपत्र, नंतरचे बदल-अर्ज, तक्रारी असल्यास त्या, आणि अंतिम अहवाल हे याच क्रमाने असावे. ग्रामपंचायत, मच्छीमार सहकारी संस्था, आश्रमशाळा किंवा काजू कारखाना यांची परवानगीपत्रे मूळ स्वरूपात लावावीत. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो छापून लावला तर तो कोणाकडून आणि केव्हा आला हे त्याच पानावर लिहून सही करावी.

संमतीपत्र आणि माहितीपत्रक यांच्या बाबतीत आवृत्ती हा कळीचा मुद्दा आहे. समिती बहुधा पहिला मसुदा परत पाठवते, कारण तो पुस्तकी मराठीत लिहिलेला असतो आणि ज्याला तो वाचून दाखवायचा त्याला कळत नाही. मग दुसरा येतो, कधी तिसरा येतो, आणि दोन वर्षांनी फायलीत तीन वेगवेगळी संमतीपत्रे सापडतात, त्यांपैकी कोणत्या नमुन्याला मंजुरी मिळाली हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक मसुद्याच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि दिनांक छापून घ्यावा, मंजूर आवृत्तीच्या प्रत्येक पानावर समितीचा शिक्का मारावा, आणि निर्णयपत्रात ‘आवृत्ती ३, दिनांक अमुक’ असा स्पष्ट उल्लेख करावा. आधीच्या आवृत्त्या काढून टाकू नयेत. समितीने काय सुधारायला लावले याचा तोच पुरावा असतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या सहभागींसाठी निःपक्ष साक्षीदाराच्या सहीची जागा नमुन्यात आहे का, आणि अठरा वर्षांखालील मुलांचा अभ्यास असेल तर पालकांची संमती व मुलाची अनुमती यांचे स्वतंत्र नमुने आहेत का, हेही फाईल लावतानाच तपासून घ्यावे. रायगडमधील कातकरी वाड्यांवरील अभ्यासासारख्या, दुर्बल गटांविषयीच्या प्रस्तावांना पूर्ण समितीपुढे जावे लागते, त्यामुळे त्या बैठकीच्या इतिवृत्ताचा क्रमांक टिपणीत आलाच पाहिजे.

समितीचे स्वतःचे कागद, म्हणजे स्थापनेचा आदेश, सदस्यांची परिचयपत्रे, हितसंबंध जाहीर केल्याची पत्रे, कार्यसूची, हजेरीपत्रके आणि इतिवृत्ते, यांची फाईल निराळी ठेवावी आणि ती विद्यार्थ्यांच्या फायलींपेक्षा जास्त जपावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार समितीत ७ ते १५ सदस्य आणि गणपूर्तीला किमान ५ सदस्य लागतात. ते हजर होते हे हजेरीपत्रकावरूनच सिद्ध होते. लहान महाविद्यालयात मार्गदर्शकच समितीचा सदस्य असणे ही नेहमीची गोष्ट आहे. अशा वेळी त्याच्या विद्यार्थ्याच्या प्रस्तावावर निर्णय होताना तो सदस्य बाहेर गेला होता हे इतिवृत्तात एका वाक्याने लिहिलेले असले, तर नंतरचे बरेच वाद टळतात. हे वाक्य लिहिण्याचा संकोच अनेक सचिवांना वाटतो, विशेषतः तो सदस्य विभागप्रमुख असेल तेव्हा. तरीही ते लिहावे.

पायरी ४ : फाईल बंद करा

अभिलेख ठेवण्याची मुदत मंजुरीच्या दिवसापासून मोजायची नसते, अभ्यास पूर्ण झाल्याच्या किंवा मध्येच थांबवल्याच्या दिवसापासून मोजायची असते. विद्यार्थी मात्र परीक्षा संपली की मुंबईला किंवा पुण्याला नोकरीला जातात, त्यांचे मोबाइल क्रमांक बदलतात, मार्गदर्शकांची बदली होते किंवा ते निवृत्त होतात, आणि अंतिम अहवाल काही येत नाही. फायलीवर बंद झाल्याचा दिनांक नाही म्हणजे मुदत सुरूच झालेली नाही, आणि मुदत सुरू नाही म्हणजे ती फाईल नियमाने कधीच नष्ट करता येत नाही. कपाटे भरतात ती अशी.

उपाय अवघड नाही, पण तो अर्जाच्या वेळीच योजावा लागतो. निर्णयपत्रात अंतिम अहवालाची तारीख घालावी. अहवालाचा नमुना एकाच पानाचा ठेवावा: प्रत्यक्षात किती जण सहभागी झाले, मंजूर आराखड्यात बदल झाला का, कोणाला त्रास झाला किंवा तक्रार आली का, सही केलेली संमतीपत्रे व ध्वनिमुद्रणे आता कोणाच्या ताब्यात आहेत, आणि ती कधी नष्ट होणार. विभागाशी बोलून अशी व्यवस्था करावी की प्रकल्पाच्या किंवा प्रबंधाच्या अंतिम प्रतीबरोबरच हे पान घेतले जाईल. ग्रंथालयाच्या ना-देय दाखल्यासाठी विद्यार्थी जसे धावपळ करतात, तसेच मग ते यासाठीही करतील.

पूर्वीच्या काळातील उघड्या राहिलेल्या फायलींसाठी मार्गदर्शकांना लेखी पत्र पाठवावे, ठराविक मुदतीत उत्तर आले नाही तर निकालाचा किंवा मौखिक परीक्षेचा दिनांक परीक्षा विभागाकडून मिळवावा, आणि ‘अहवाल अप्राप्त, निकालाच्या दिनांकास फाईल बंद’ अशी टिपणी समितीच्या बैठकीपुढे ठेवून मंजूर करून घ्यावी. सचिवाने स्वतःच्या अधिकारात अशी फाईल बंद करू नये. ज्या विद्यार्थ्याने काम अर्धवट सोडले त्याच्या बाबतीत एक प्रश्न जरूर विचारावा: माहिती गोळा झाली होती का? झाली असेल तर ती कोणाच्या लॅपटॉपवर आहे, हे कळल्याशिवाय फाईल बंद झाली असे मानू नये.

पायरी ५ : मुदत ठरवा

जैववैद्यकीय आणि आरोग्यविषयक संशोधनासाठी आयसीएमआरची तत्त्वे अभ्यास पूर्ण झाल्यानंतर किंवा थांबवल्यानंतर किमान ३ वर्षे अभिलेख ठेवायला सांगतात. औषधांच्या नियामक चाचण्यांसाठी ही मुदत ५ वर्षांची आहे. दोडामार्ग भागातील माकडतापावर किंवा भातशेतीतील लेप्टोस्पायरोसिसवर वैद्यकीय विद्यार्थ्याने केलेला सर्वेक्षणाचा अभ्यास पहिल्या गटात येतो. समाजशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र या विषयांसाठी संस्थेने स्वतः ठराव करून मुदत ठरवावी. माझे मत असे, की पदव्युत्तर प्रकल्पांना निकालानंतर ३ वर्षे आणि पीएच.डी.ला पदवी मिळाल्यानंतर ५ वर्षे ठेवावीत, कारण पीएच.डी.वर आधारित शोधनिबंध नंतरही प्रसिद्ध होत राहतात. निधी देणाऱ्या संस्थेची अट जास्त काळाची असेल तर ती अट लागू होते. नाकारलेल्या अर्जांची मुदत निर्णयाच्या दिनांकापासून मोजावी.

‘असू दे, कधीतरी लागेल’ ही आपल्या कार्यालयांची जुनी सवय इथे उपयोगी पडत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ संशोधनाला काही अटींवर सवलत देतो, पण गरज संपल्यावरही लोकांची माहिती साठवून ठेवण्याची मोकळीक त्यातून मिळते असे समजू नये.

पायरी ६ : खाऱ्या, दमट हवेत कागद टिकवा

किनाऱ्यावरच्या हवेत लोखंडी टाचणी आणि स्टेपल एक-दोन पावसाळ्यांत गंजतात, गंजाचा डाग तीन-चार पानांत उतरतो आणि नेमका सहीचा कोपरा सुटून येतो. त्यामुळे फाईल बंद करताना सर्व टाचण्या काढून सुती दोऱ्याचा टॅग किंवा प्लॅस्टिकची क्लिप लावावी. सह्या बॉलपेनने घ्याव्यात. जेल पेनाची शाई आणि इंकजेट छपाई पाणी लागल्यास पसरू शकते, लेझर छपाई टिकते. कुरिअरच्या पावत्या उष्णतेने छापलेल्या असतात आणि वर्षभरात कोऱ्या होतात, म्हणून त्यांची झेरॉक्स लावावी. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत फाईल सुरक्षित राहते हा समज सोडून द्यावा. आत अडकलेल्या दमटपणाने तिला बाहेरच्यापेक्षा लवकर बुरशी येते. पुठ्ठ्याची पेटी बरी.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नये, विशेषतः जांभ्याच्या भिंती असलेल्या जुन्या इमारतीत, जिथे पावसाळ्यात भिंत ओल धरते आणि वाळवी तिथूनच चढते. भिंतीपासून वीतभर अंतर आणि खाली लाकडी ठोकळे किंवा लोखंडी स्टँड असावा. डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी काही प्रमाणात चालतात, ओलीवर त्यांचा परिणाम नाही. मे महिन्यात घराघरांत पावसाळ्याची बेगमी होते तशी दप्तराचीही करावी: वरचे कौल किंवा स्लॅब गळते का ते पाहावे, तळाच्या कप्प्यातील फायली वर घ्याव्यात, आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा सगळे कपाट उघडून हवा द्यावी. कागद थेट उन्हात वाळवू नयेत, सावलीत वारा लागेल असे ठेवावेत.

नदीकाठच्या गावांत पूर हा वेगळाच विषय आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले तेव्हा घरे-दुकानांबरोबर कार्यालयांची दप्तरे आणि वाचनालयाचे ग्रंथही भिजले. त्याच्या आदल्या वर्षी ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरुड, दापोली या भागांतील शाळा-महाविद्यालयांची छपरे उडवली होती. चिपळूण, महाड किंवा खेड येथे काम करणाऱ्यांनी अभिलेख तळमजल्यावर ठेवूच नयेत. किनाऱ्यावरच्यांनी ते पत्र्याच्या छपराखालच्या सर्वांत वरच्या मजल्यावरही ठेवू नयेत. फायली भिजल्याच, तर पाने एकमेकांपासून ओढून सुटी करू नयेत. ओल्या गठ्ठ्याला साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते, त्यामुळे थोड्या फायली असतील तर टीपकागद आणि पंखा वापरून लगेच वाळवाव्यात. फायली जास्त असतील तर त्या मेणकागदात गुंडाळून गोठवणे हा जाणकारांचा उपाय आहे. मासळीचे शीतगृह जवळ असलेल्या बंदराच्या गावात तो वाटतो तितका अशक्य नाही. भिजलेल्या फायलींची यादी करून प्राचार्यांमार्फत पंचनामा जरूर करून घ्यावा, नाहीतर हरवलेल्या फायलींचा जाब सचिवाला द्यावा लागतो.

पायरी ७ : संगणकावरची प्रत

फाईल बंद झाली की ती ३०० डीपीआयवर स्कॅन करून पीडीएफ-ए या दीर्घकाळ जतनासाठीच्या स्वरूपात साठवावी आणि फाईलनावात नोंदवहीचाच क्रमांक वापरावा. एक प्रत संस्थेच्या सर्व्हरवर आणि एक शक्य असल्यास दुसऱ्या गावातील ठिकाणी असावी, कारण एकाच इमारतीतल्या दोन हार्ड डिस्क एकाच पाण्यात बुडतात. अर्ज गूगल फॉर्मवर घेत असाल तर तो फॉर्म संस्थेच्या पदनामाच्या खात्यावर तयार करावा; एखाद्या तासिका तत्त्वावरील शिक्षकाच्या खासगी खात्यावर केलेला फॉर्म त्याच्याबरोबरच जातो. जुन्या मराठी मसुद्यांकडेही लक्ष द्यावे. श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या टंकांत टाइप केलेली संमतीपत्रे त्या टंकाविना उघडली तर अर्थहीन अक्षरे दिसतात, म्हणून अशा फायलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करून पडताळून पाहावे किंवा निदान छापील प्रतीची स्कॅन ठेवावी.

पायरी ८ : कोणी फाईल मागितली तर

पत्रकार, प्रतिस्पर्धी संशोधक, नाराज विद्यार्थी, यांपैकी कोणीही फाईल पाहायला येऊ शकतो. कपाटापाशी उभे राहून काहीही दाखवू नये. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज असेल तर तो जन माहिती अधिकाऱ्याकडे जातो, त्याचे उत्तर ३० दिवसांत द्यायचे असते, आणि वैयक्तिक माहितीचा भाग वगळून उरलेला कागद देता येतो. त्याच अधिनियमाचे कलम ४ अभिलेख सूचीबद्ध ठेवायलाही सांगते, त्यामुळे दुसऱ्या पायरीतील नोंदवही इथे पुन्हा कामाला येते. सहभागी व्यक्तीने स्वतः तक्रार केली तर ती त्याच दिवशी नोंदवून अध्यक्षांपुढे न्यावी.

माहिती अधिकाराचा अर्ज, अपील, तक्रार, चौकशी किंवा न्यायालयीन बाब प्रलंबित असलेल्या फायलीवर लाल शाईने ‘नष्ट करू नये’ असे लिहावे. तिची मुदत संपली तरी प्रकरण निकाली निघेपर्यंत ती तशीच राहते.

पायरी ९ : विल्हेवाट आणि कार्यभार

दरवर्षी एकदा, शक्यतो उन्हाळी सुट्टीत, मुदत संपलेल्या फायलींची यादी काढावी, तिच्यातून प्रलंबित प्रकरणे वगळावीत, ती समितीच्या बैठकीत ठेवावी आणि सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी मंजुरी घ्यावी. त्यानंतर कागद यंत्राने कातरून किंवा दोन साक्षीदारांसमोर जाळून नष्ट करावेत. रद्दीवाल्याला किलोवर देऊ नयेत. माहितीपत्रकावरचे नाव-पत्ते भज्यांच्या पुडीवर बाजारात फिरताना दिसणे ही कल्पनेतली गोष्ट नाही. स्कॅन केलेल्या प्रती, ईमेलमधील जोडपत्रे आणि पेन ड्राइव्हवरच्या नकलाही त्याच दिवशी पुसाव्यात, आणि मार्गदर्शकांकडून त्यांच्या ताब्यातील सामग्री नष्ट केल्याचे पत्र घ्यावे. नष्ट केलेल्या फायलींचे क्रमांक, दिनांक, पद्धत आणि दोन सह्या असलेले प्रमाणपत्र नोंदवहीबरोबर कायम ठेवावे.

सचिव बदलताना कार्यभार यादीत चालू फायली, बंद फायली, उघड्या राहिलेल्या जुन्या फायली, ‘नष्ट करू नये’ शेऱ्याच्या फायली, नोंदवह्या, शिक्के, कपाटाच्या किल्ल्या आणि पदनामाच्या ईमेल खात्याचा ताबा यांची स्वतंत्र नोंद करावी. घेणाऱ्याने किमान दहा फायली प्रत्यक्ष उघडून यादीशी पडताळून पाहाव्यात, जी फाईल यादीत आहे पण कपाटात नाही तिचा क्रमांक यादीवरच लिहावा, आणि मगच सही करावी.